पडीक कोणास म्हणावें ?

मृगाच्या सरी पडून गेल्या कीं आमच्या सुशिक्षित समाजांत एका पुण्यकर्माची लाट येते. शाळा, बँका, गृहनिर्माण संस्था, ज्येष्ठ नागरिकांचे संघ, सारे कुदळ-फावडीं घेऊन गांवाबाहेरच्या उघड्या माळावर जातात, खड्डे खणतात, रोपें लावतात, त्यांच्या शेजारीं उभे राहून छायाचित्रें काढवितात आणि दुपारच्या जेवणाला घरीं परततात. या कृत्याविषयीं त्यांच्या मनांत यत्किंचित् शंका नसते. असण्याचें कारण तरी काय? झाड लावणें वाईट, असें आजवर त्यांना कोणी सांगितलेलें नाहीं. तें सांगण्याचा अप्रिय प्रसंग आज आम्ही आपणांवर ओढवून घेत आहों.

आम्ही वृक्षद्वेष्टे नाहीं, हें प्रथमच सांगून टाकणें बरें. तोडलेल्या अरण्याच्या जागीं पुन्हा अरण्य व्हावें, रस्त्याच्या कडेला वड-पिंपळ असावे, शहरांत आहे ती सावली कोणी कापूं नये, याविषयीं आमचा कोणाशींहि वाद नाहीं. आमचा वाद आहे तो उघडा माळ म्हणजे रिकामी जागा या समजुतीशीं. ही समजूत वरवर निरुपद्रवी दिसते. परंतु पृथ्वीवरील एक अख्खा जीवप्रदेश तिनें गिळला आहे, आणि उरलेला ती गिळीत आहे.

भूगोलाच्या क्रमिक पुस्तकांत पृथ्वीचे मोठे जीवप्रदेश सांगितलेले असतात: विषुववृत्ताजवळचीं सदाहरित अरण्यें, पानझडीचीं अरण्यें, उत्तरेकडील सूचिपर्णी तैगा, त्याहि पलीकडचा गोठलेला टुंड्रा, वाळवंटें आणि गवताळ प्रदेश. यांपैकीं प्रत्येकावर आज संकट आहे. ॲमेझॉनचें अरण्य तोडलें आणि जाळलें जात आहे, इ. स. २०२३ या एका वर्षांत कॅनडांतील सुमारें दीड कोटि हेक्टर रान आगींत सांपडलें. टुंड्राची हजारों वर्षें गोठलेली जमीन वितळूं लागली आहे. हीं संकटें खरीं आहेत, आणि त्यांविषयीं लिहिणारे पुष्कळ आहेत. गवताळ प्रदेशाचें दुर्दैव असें कीं, त्याचा नाश होतांना कोणी हळहळत नाहीं. उलट टाळ्या वाजतात. अरण्य तोडणाऱ्यास आपण लांकूडचोर म्हणतों. गवताचें रान नांगरणारा मात्र उद्योगी ठरतो, आणि त्यावर झाडें लावणारा तर निसर्गाचा उपासक!

गवत ही वस्तु दिसते तितकी साधी नव्हे. झाडाची वाढ शेंड्याला होते. शेंडा खुडला कीं झाड अडतें. गवताचा वाढीचा कोंब जमिनीला लागून असतो, म्हणून जनावरानें तें चरलें, वणव्यानें जाळलें, उन्हानें वाळविलें, तरी तें पुन्हा उठतें. त्याचा संसार वर दिसतो त्यापेक्षां खालीं मोठा असतो. आपल्या दख्खनच्या माळावर पवन्या, मारवेल, शेडा, कुसळी अशीं गवतें आहेत. मधून मधून हिवर, बोर, बाभूळ, तरवड यांची विरळ झाडोरी आहे. मे महिन्यांत हें सारें मेल्यासारखें दिसतें, आणि नेमक्या त्याच महिन्यांत पाहणी करणारा अधिकारी तेथें जातो व त्याला ओसाड ठरवून येतो. त्याच न्यायानें मध्यरात्रीं झोंपलेल्या मनुष्यास मृत ठरवावयास हरकत नसावी. पाऊस पडून पंधरा दिवस लोटले कीं तोच माळ जिवंत होतो, हें पाहावयास मात्र कोणी जात नाहीं.

यावर विद्वान् प्रतिपक्षी म्हणतो कीं, हा माळ मूळचा माळ नव्हेच. येथें पूर्वीं घनदाट अरण्य होतें, तें मनुष्यानें तोडलें, गुरांनीं खाल्लें, आणि उरला हा सांगाडा. तेव्हां येथें झाडें लावणें म्हणजे जुन्या अरण्याचा जीर्णोद्धारच होय. हा आक्षेप कांहीं ठिकाणीं खराहि असेल. परंतु सर्वत्र तोच ठोकून देणें म्हणजे पुराव्यावांचून शिक्षा सांगणें आहे. उष्ण देशांतील माळांवर आज जीं गवतें दिसतात, त्यांचा विस्तार सुमारें सत्तर-ऐंशी लक्ष वर्षांपूर्वीं झाला, असें शिवालिक टेंकड्यांतील पुरातन मातीच्या थरांवरून दिसून आलें आहे. त्या काळीं कुऱ्हाड नव्हती आणि ती चालविणारा मनुष्यहि नव्हता. निलगिरीच्या माथ्यावर दऱ्यांमधून शोला अरण्याचे पट्टे आणि मध्यें उघडीं कुरणें असा देखावा आहे. इंग्रजांना तीं कुरणें रिकामीं वाटलीं. तेथील दलदलींत साठलेल्या मातीची परीक्षा शास्त्रज्ञांनीं करून इ. स. १९९३ सालीं जो निष्कर्ष प्रसिद्ध केला, त्यावरून तेथें वीस हजार वर्षांपासून गवताचें अस्तित्व आहे हें सिद्ध झालें. मध्यंतरीं त्या कुरणांवर ऑस्ट्रेलियाहून आणलेलें वॅटल आणि निलगिरीचें झाड भरपूर लावून झालें होतें. आतां तेंच वॅटल उपटण्याची पाळी आली आहे.

आणि आपल्या महाराष्ट्रापुरता पुरावा पाहिजे असेल तर तो आपल्याच वाङ्मयांत आहे. आशीष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या दोघांनीं २०२५ सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. तेराव्या शतकापासूनचीं मराठी आख्यानें, संतचरित्रें आणि लोकगीतें त्यांनीं चाळलीं, व पश्चिम महाराष्ट्राच्या वर्णनांत कोणकोणत्या झाडाझुडपांचीं नांवें येतात तें टिपलें. निघालीं तीं बहुतांशीं माळावरचीं, उन्हाची हौस असलेलीं कांटेरी झाडें. म्हणजे निदान साडेसातशें वर्षांपूर्वींहि हा मुलूख आजच्यासारखाच मोकळा होता. आमच्या जुन्या ग्रंथकारांनीं जें डोळ्यांनीं पाहिलें तें लिहून ठेवलें; आम्ही त्यांचे वंशज मात्र त्यांच्या ओळींवरून नजर फिरवून, येथें एकेकाळीं निबिड अरण्य असलें पाहिजे, असें स्वप्न रंगवीत बसलों. वाङ्मयाच्या अभ्यासकांनीं हा निबंध अवश्य वाचावा. वनस्पतिशास्त्र्यांनीं जुन्या पोथ्या उघडाव्या, असा योग नेहमीं येत नाहीं.

पडीक या शब्दानें जगांत काय अनर्थ केला आहे, याचीं दोन उदाहरणें आतां जुनीं झालीं आहेत. अमेरिकेच्या मध्यभागीं गवताचा समुद्र होता. १८३७ सालीं जॉन डीअर यानें पोलादाचा नांगर घडविला, १८६२ च्या कायद्यानें तेथील जमीन वसाहतवाल्यांना वांटली गेली, आणि नांगराच्या मागें पाऊस चालत येतो असें त्यांना सांगण्यांत आलें. पाऊस आला नाहीं. १९३० नंतरच्या अवर्षणांत मुळांवांचून मोकळी झालेली माती उडूं लागली. १४ एप्रिल १९३५ रोजीं तर भर दिवसा काळोख झाला. उंच गवताच्या त्या प्रेअरीपैकीं आज शेंकडा चारहि टक्के शिल्लक नाहीं, आणि कॅन्सस संस्थानांत जो मोठा तुकडा राहिला तो कोणाच्या दयेनें नव्हे. तेथें मातीखालीं चुनखडीचा दगड इतका वर आहे कीं नांगर चालेना, म्हणून राहिला. भांडवलशाहीला नांवें ठेवून साम्यवाद्यांनीं तरी शहाणपण दाखविलें काय? १९५४ सालीं क्रुश्चेव्ह यांनीं कझाकस्तानच्या व सैबेरियाच्या स्टेपीला ‘कोरी जमीन’ म्हणून जाहीर केलें, आणि थोड्या वर्षांत कोट्यवधि एकर गवत उलटें करण्यांत आलें. पहिलीं पिकें भरघोस आलीं. नंतर धुळीचीं वादळें आलीं, आणि १९६३ सालीं रशियास परदेशांतून धान्य विकत घ्यावें लागलें. कोरी! जिच्यावर हजारों वर्षें सैगा हरणांचे कळप आणि घोडेस्वार धनगर फिरत होते ती जमीन कोरी!

परंतु हीं उदाहरणें नांगराचीं आहेत. त्यांतला दोष सर्वांना दिसतो. आम्हांस अधिक बोंचतें तें तिसरें उदाहरण, कारण त्यांत दोष सज्जनांचा आहे. ब्राझिल देशांत ॲमेझॉनच्या दक्षिणेस सेराडो नांवाचा सुमारें वीस लक्ष चौरस किलोमीटरांचा प्रदेश आहे. गवत, खुरटीं वांकडींतिकडीं झाडें, आणि जमिनीखालीं इतकीं खोल मुळें कीं त्याला तेथें उलटें अरण्य म्हणतात. देशांतील कित्येक मोठ्या नद्यांचा उगम तेथें आहे. १९७० नंतर त्या आंबट मातींत चुना मिसळून सोयाबीन पिकविण्याची युक्ति सांपडली, आणि आज त्याचा जवळजवळ अर्धा भाग गेला आहे. ब्राझिलच्या कायद्याप्रमाणें ॲमेझॉनच्या अरण्यांत जमीनदारानें शेंकडा ऐंशी भाग राखावयाचा. सेराडोच्या बहुतेक भागांत शेंकडा वीसच. जगभरच्या लोकमतानें ओरड केली म्हणून २००६ सालीं सोयाबीनच्या व्यापाऱ्यांनीं करार केला कीं ॲमेझॉनचें अरण्य तोडून काढलेला माल घेणार नाहीं. फार चांगलें झालें. पण सेराडो त्या करारांत नव्हता. मग नांगर कोठें वळला असेल, हें सांगावयास ज्योतिषी नको. २०२३ सालीं ॲमेझॉनमधील तोड पुष्कळच कमी झाली म्हणून जगानें आनंद मानला. त्याच वर्षीं सेराडोंतील नाश ॲमेझॉनच्याहून अधिक भरला. युरोपीय संघानें त्याच सुमारास कायदा केला कीं अरण्य तोडून पिकविलेला माल आपल्या बंदरांत उतरूं द्यावयाचा नाहीं. आणि अरण्य म्हणजे काय याची व्याख्या अशी केली कीं सेराडोचा मोठा भाग तिच्याबाहेर राहिला. एका मुलाच्या वाढदिवसाचें बक्षीस दुसऱ्याच्या खिशांतून काढावें, तसा हा न्याय आहे.

आपल्या देशांत ही समजूत कागदावर कशी उतरली तें पाहण्यासारखें आहे. जी जमीन सारा देत नाहीं ती व्यर्थ, हा इंग्रज सरकारच्या वसुलीचा हिशेब होता. राज्य गेलें, हिशेब राहिला. आमच्या सातबाऱ्यावर ‘पोटखराब’ हा शब्द अजून नांदतो आहे. १९८५ सालीं केंद्र सरकारनें पडीक जमिनींच्या विकासासाठीं राष्ट्रीय मंडळ स्थापिलें आणि वर्षाला पन्नास लक्ष हेक्टरांवर झाडें लावण्याचा संकल्प सोडला. पुढें उपग्रहांवरून पडीक जमिनींचे नकाशे निघाले, आणि त्यांत कुरणें व झुडपी रानें यांना पडीकांच्या यादींत बसविण्यांत आलें. यंत्र नवें, पण त्यांत घातलेला शब्द दीडशें वर्षांचा जुना! महाराष्ट्रांत २०१७ ते २०१९ या तीन वर्षांत पन्नास कोटि झाडें लावण्याचा कार्यक्रम ठरला होता. पन्नास कोटि झाडांना जागा कोठून आणावयाची? शेतकरी शेत देणार नाहीं, शहरांत इंचहि मोकळा नाहीं. उरतो माळ. आणि माळावर लावावयाचें काय, तर मध्य अमेरिकेंतून आलेलें गिरिपुष्प, ज्याला आमचे शेतकरी उंदीरमारी म्हणतात. कारण तें लवकर वाढतें, आणि मेंढी त्याला सहसा तोंड लावीत नाहीं. ज्या माळाचा उपयोगच मेंढी चारण्याचा, तेथें मेंढी खाणार नाहीं असें झाड निवडणें हा गुण समजला जातो!

याचा शेवट काय होतो तें कच्छांत दिसतें. तेथील बन्नी हें सुमारें अडीच हजार चौरस किलोमीटरांचें गवताचें रान. तेथील मालधाऱ्यांच्या म्हशी सर्व देशांत नांवाजलेल्या. खारट वाळवंट पुढें सरकूं नये म्हणून १९६१ च्या सुमारास तेथें वेडी बाभूळ लावण्यांत आली. हेतु उत्तम होता. आज ती बाभूळ बन्नीच्या मोठ्या भागावर पसरली आहे, गवत तिच्याखालीं गुदमरलें आहे, आणि तिच्या शेंगा खाऊन गुरें आजारी पडतात. मालधारी कोळसा पाडूं लागले. ती काढावयास आतां किती पिढ्या लागतील कोण जाणे. लावावयास फार वेळ लागला नव्हता.

अलीकडे तर या व्यवहाराला बाजाराचें रूप आलें आहे. ग्रेट निकोबार बेटावर बंदर आणि शहर उभारण्यासाठीं सुमारें एकशें तीस चौरस किलोमीटर अरण्यभूमि देण्यांत यावयाची, आणि तिची भरपाई समुद्रापलीकडे कोरड्या हरियाणांत झाडें लावून करावयाची, असें सरकारनें मान्य केलें. म्हणजे विषुववृत्ताजवळचें सदाहरित अरण्य एका पारड्यांत आणि अरवलीकडचीं लावलेलीं रोपें दुसऱ्यांत, तराजू समतोल! यांत एका जीवप्रदेशाचा नव्हे, दोघांचा घात आहे, हें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. २०२४ सालीं ‘हरित पत’ मिळविण्यासाठीं जी पद्धत ठरविली गेली, तींत हेक्टरी निदान अकराशें झाडें अशी अट होती. सोलापूरच्या बाजूला जेथें वर्षांतून पांच-सहाशें मिलिमीटर पाऊस पडतो, तेथें हेक्टरीं अकराशें झाडें पाणी काय पिणार, हें अट घालणाऱ्यानें सांगितलेलें नाहीं.

आतां शेवटचा आणि सर्वांत वजनदार आक्षेप. हवा तापत आहे. झाडें कर्बवायु शोषतात. तेव्हां थोडें गवत गेलें तरी जगाचा फायदाच, असें म्हटलें जातें. २०१९ सालीं ‘सायन्स’ या नियतकालिकांत एक निबंध आला कीं पृथ्वीवर नव्वद कोटि हेक्टर नवीन वृक्षाच्छादनाला जागा आहे. वृत्तपत्रांनीं तो डोक्यावर घेतला. त्याच नियतकालिकांत पुढें चाळीसहून अधिक शास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें कीं या हिशेबांत जगांतील जुनीं गवताळ रानें झाडांसाठीं मोकळी जागा म्हणून धरलीं आहेत, आणि कर्बाचा आंकडा सुमारें पांचपट फुगविला गेला आहे. हा खुलासा मात्र किती वृत्तपत्रांनीं छापला? गवताळ रानांत कर्ब बहुतांशीं मातींत असतो. वर आग लागली तरी खालची ठेव राहते. लावलेल्या झाडाची ठेव फांदींत असते आणि वणव्याबरोबर उडून जाते. शिवाय झाड पाणी पितें. दक्षिण आफ्रिकेंत पाईन, वॅटल आणि निलगिरी माळांवर पसरून ओढे आटूं लागले, तेव्हां तेथील सरकारनें १९९५ पासून मजुरांकरवीं तीं झाडें तोडविण्याचें कामच सुरू केलें. पाणी राखण्यासाठीं झाड तोडणें, ही गोष्ट आमच्या कोणत्याहि शाळेच्या निबंधस्पर्धेंत पहिल्याच फेरींत बाद होईल.

माळावर राहणाऱ्यांची गोष्ट राहिली. माळढोक हा पक्षी उघड्या जमिनीवर एकच अंडें घालतो आणि शत्रु दूरवरून दिसावा म्हणून मोकळी जागा पसंत करतो. त्याच्यासाठीं १९७९ सालीं सोलापूर-नगरच्या बाजूला नान्नज येथें अभयारण्य झालें. कागदावर तें साडेआठ हजार चौरस किलोमीटरांचें होतें, पुढें तें कमी करीत करीत सव्वा हजारांच्या आसपास आणलें गेलें. आज सबंध भारतांत रानांत हे पक्षी दीडशेंहि नाहींत, आणि बहुतेक राजस्थानांत आहेत. तेथेंहि माळावर पवनचक्क्या आणि सौरऊर्जेचे पत्रे आले, त्यांच्या विजेच्या तारा आल्या, आणि समोरचें नीट न दिसणारा हा जड पक्षी तारांवर आदळून मरूं लागला. ‘अभयारण्य’ या शब्दांतच ‘अरण्य’ आहे. माळासाठीं आमच्या भाषेंत शब्दहि नाहीं.

आणि माणसें? कांहीं वर्षांपूर्वीं आम्हीहि अशाच एका मंडळींबरोबर एका टेंकडीवर रोपें लावावयास गेलों होतों. पांच-पंचवीस खड्डे भरून झाल्यावर एक वृद्ध धनगर खांद्यावर घोंगडी टाकून बाजूला उभा असलेला दिसला. आमच्यापैकीं कोणी तरी उत्साहानें म्हणालें, “बाबा, येथें आतां जंगल होणार!” त्यानें एकवार खड्ड्यांच्या रांगेकडे पाहिलें आणि विचारलें, “व्हईल कीं. पर मंग पावसाळ्यांत मेंढरं कुठं घालायचीं?” कोणीं उत्तर दिलें नाहीं. प्रश्न साधा होता. दसरा-दिवाळीनंतर हे लोक कोंकणांत उतरतात. वाटेंत शेतकऱ्यांच्या रानांत मेंढरें बसवितात, त्यांच्या लेंडीखताच्या बदल्यांत धान्य घेतात. परंतु पावसाचे चार महिने शेतें पिकांनीं भरलेलीं असतात, तेव्हां कळपाला उभें राहावयास माळच असतो. आणि आमचें पुण्यकर्म नेमकें त्याच चार महिन्यांत चालतें. झाडांभोंवतीं तार येते, पाटी येते, राखणदार येतो. ज्या गायरानांवर झाडें नाहींत त्यांवर आतां सौरऊर्जेचे पत्रे येत आहेत. धनगराकडे ना सातबारा, ना अर्ज करण्याची पद्धत.

संयुक्त राष्ट्रांनीं २०२६ हें वर्ष चराऊ रानें आणि पशुपालक यांचें म्हणून जाहीर केलें. एवढ्यानें कोणाचें कुरण परत मिळत नाहीं. आमची मागणी त्याहून फार लहान आहे. महसूल खात्याच्या व वनखात्याच्या दप्तरांत गवताळ रान असें एक स्वतंत्र सदर उघडावें. तें ‘पडीक’ या नांवाखालीं लिहूं नये. आणि त्या सदरांतील जमिनीवर झाड लावावयाचें झाल्यास तेथें मुळांत काय होतें याची चौकशी आधीं व्हावी, व त्या चौकशींत जनावरें घेऊन फिरणाऱ्यांची जबानी घेतली जावी. रोपें लावावयास उत्सुक असलेल्या आमच्या वाचकांस एवढेंच सुचवितों कीं, यंदां माळावर जावयाचें असेल तर कुदळ घरीं ठेवून जावें, आणि श्रावणांत जावें. पवन्या-मारवेल तेव्हां गुडघ्यापर्यंत आलेला असतो. आम्हीं लावलेल्या त्या पंचवीस रोपांपैकीं पुढच्या उन्हाळ्यांत तीन जगलीं होतीं; बाकीच्या खड्ड्यांत गवत पुन्हा उगवलेलें होतें, आणि पाटीवर आमच्या मंडळाचें नांव अजून वाचतां येत होतें.